माळा, बडजी आणि अडीच गोधड्या

माळ्यावरून सगळ्यात आधी खाली आली ती बडजी. आली म्हणजे काय, आदळलीच, माझ्या पायापासून चार बोटांवर, आणि वर स्टुलावर चढलेला माझा लेक अगदी शांतपणे विचारतोय, "मम्मी, हे टाकायचं ना?"

टाकायचं ना म्हणे! ज्यांनी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, बडजी म्हणजे भरीत ठेचायचं लाकडी भांडं. माझं माहेर यावल तालुक्यातलं, केळीपट्ट्यातलं, तिकडे थंडी पडली की शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात. बामणोदची ती फिकट हिरवी, मोठ्ठी, कमी बियांची वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, सोलायची आणि मिरच्या-लसणासोबत बडजीत टाकून ठेचायची, मग वरून शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात आणि हात आखडता न घेता तेल. (या वांग्याला २०१६ मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, आमच्या केळीलाही त्याच वर्षी, तेव्हापासून माझे बाबा पाहुण्यांना भरीत वाढताना एवढं तरी सांगतातच.) मिक्सरमधून काढलेलं भरीत म्हणजे भरीत नाही, ती चटणी, यावर मी कुणाशीही भांडायला तयार असते. तर हे सगळं मी लेकाला तावातावाने सांगत होते आणि सांगता सांगता मलाच आठवलं की मागचे दोन हिवाळे ही बडजी माळ्यावरून खाली आलेलीच नाही. आमचं भरीत मिक्सरवरच चाललंय.

गप्प बसले आणि बडजी पुसायला घेतली.

हे सगळं मे महिन्यातलं. त्याचं झालं असं की मार्चपासून मला फोनवर सारखे ते घर आवरायचे रील यायला लागले. दोन बघितले की मग दिवसभर तेच दाखवतात ना. पांढरीशुभ्र घरं, एकसारख्या काचेच्या बरण्या, कपाटात कपडे उभ्या घड्या घालून ठेवलेले, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, वर्षभरात जी वस्तू हातात घेतली नाही ती घराबाहेर काढा. मला पटलं. पटणारच, कारण आमचा माळा म्हणजे एक गूढ प्रकार आहे, तिथे काय काय आहे ते फक्त सासूबाईंना माहीत आणि गुडघ्यांमुळे त्यांना वर चढता येत नाही, म्हणजे माहिती सगळी खाली आणि माल सगळा वर. म्हटलं या उन्हाळ्यात निकाल लावायचाच. आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) नणंद आली होती ती अजून राहिलेली होती, लेकाला सुट्ट्या, ह्यांना रविवार, एवढी माणसं परत कधी एकत्र सापडणार.

सासूबाई खाटेवर बसल्या आणि माल उतरायला लागला. बडजीमागून गोणपाटात गुंडाळलेलं खापर, कुरडयांचा पितळी सोऱ्या, आखाजीच्या झोक्याचा दोर, दोन पाट, एक घागर, एक लोखंडी पेटी आणि तीन गाठोडी. मी दारात दोन खोके ठेवले होते, एकावर स्केचपेनने 'ठेवायचं' आणि दुसऱ्यावर 'द्यायचं'. अर्ध्या तासात 'ठेवायचं'चा खोका फाटला आणि 'द्यायचं'मध्ये एक तुटका टॉर्च.

"हाई कसाले फेकी ऱ्हायनी व माय?" म्हणजे हे कशाला फेकतेयस गं बाई, हे वाक्य त्या दिवशी मी किती वेळा ऐकलं मोजलं नाही. सासूबाई अमळनेरकडच्या, घरात अहिराणीच बोलतात, आणि माझं लेवा वळणाचं बोलणं असल्यामुळे भांडणात मला नेहमी एक सेकंद उशीर होतो.

पण खरं सांगू का, दुपारपर्यंत तो वर्षाचा नियम माझ्या हातातच मोडला. खापर वर्षातून दोनदा लागतं, आखाजीला आणि कानबाईला (श्रावणात घरी बसवायची आमची देवी), पुरणपोळ्या दुसऱ्या कशावर करायच्या, तव्यावर? सोऱ्या वर्षातून एकदा. झोक्याचा दोर एकदा. एरंडेल चोळलेला गहू भरायची ती मोठी कोठी वर्षातून एकदा उघडी पडते. आमच्याकडची कामंच वर्षाच्या घड्याळावर चालतात, गहू आला की चाळा-निवडा, मग मिरच्या, मसाला, मग बिबडे-पापड-कुरडया, मग पाऊस, मग कानबाई, मग थंडीत भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. त्या रीलमधल्या बाईच्या घरी आठवड्याचं सामान आठवड्याला येत असणार, तिला वर्ष म्हणजे फार लांब वाटत असेल. आमच्याकडे एक वर्ष म्हणजे 'मागच्या वेळेला'. सासूबाईंना सोऱ्याबद्दल विचारलं की कधी वापरला, तर म्हणाल्या मागच्या वेळेला. आणि ते खरंच होतं.

त्या रात्री स्वयंपाक करायची कुणाचीच ताकद नव्हती. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, मग शेवभाजी. कांदा-खोबरं भाजून वाटायचं, काळा मसाला, लाल तर्री, आणि जाड तिखट शेव ताटात वाढताना घालायची, आधी घातली तर लगदा होतो. पुण्याची माझी जाऊ कढईतच शेव ओतून झाकण ठेवते, मी काही बोलत नाही. भांड्यांच्या ढिगामध्ये पेपर अंथरून जेवलो.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. पेटीत साड्या. एकतीस निघाल्या! मी 'सुती', 'सिंथेटिक' आणि 'आहेराच्या' असे तीन ढीग केले. आहेराच्या साड्यांची तर वेगळीच गोष्ट, या नेसण्यासाठी नसतातच, या फिरण्यासाठी असतात, कुणाच्या लग्नात आल्या की पिशवीसकट ठेवायच्या आणि पुढच्या लग्नात पुढे ढकलायच्या. त्यातली एक जांभळी साडी तर मी स्वतः चार वर्षांपूर्वी एका आतेसासूबाईंना दिलेली, पिशवीच्या आत माझ्याच अक्षरात चिठ्ठी होती. गाव फिरून परत आली बिचारी. ते ढीग बघून मी ठरवलं की या नऊ तर जाणारच, आणि सुती जुन्याही जाणार, विटलेल्या, विरलेल्या, कुणी नेसणार नाही. मोठ्या पिशवीत भरल्या, गाठ मारली, दाराशी ठेवल्या. मनात म्हटलं चला, एक कोपरा तरी रिकामा झाला.

तिसऱ्या दिवशी पहाटे बिबडे.

आता बिबडे म्हणजे काय ते खान्देशाबाहेरच्यांना सांगताना मला नेहमी पंचाईत होते, ज्वारीचे पापड म्हटलं की लोकांना वाटतं लाटायचे. लाटायचे नसतात हो. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, रोज पाणी बदलायचं (तिसऱ्या दिवशी त्या आंबूस वासाने घरातली लहान मुलं नाक धरून फिरतात), मग उपसून सुकवून भरडून आणायची. त्याचा पहाटे मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा, लसूण, मिरची, जिरं, तीळ, मीठ, आणि एक माणूस सतत घोटायला, कारण खाली लागला की संपलं. आणि मग तो गरम घाटा गच्चीवर नेऊन ओल्या कापडावर, हाताला पाणी लावून गोल गोल थापायचा. सगळं साडेसातच्या आत, कारण आठनंतर मे महिन्यात जळगावच्या गच्चीवर अनवाणी उभं राहून दाखवा, पारा ४४-४५ ला जातो आमच्याकडे, चप्पल घातली तरी चटके बसतात. वाळले की कापड उलटं करायचं, मागून पाणी मारायचं, भिजलं की बिबडा सुटून येतो. आणि त्यासाठी कापड लागतं सुती. जुनं. मऊ झालेलं. खळ नसलेलं.

पातेलं गच्चीवर पोचलं, नणंद मागून पाण्याची बादली घेऊन आली, आणि सासूबाईंनी खालूनच आवाज दिला, "लुगडं कुठे ठी दिनं व?"

दाराशी ठेवलेल्या पिशवीची गाठ मीच सोडली. ती पिशवी परत कधी भरली नाही.

(ओला घाटा वाटीत घेऊन त्यात कच्चं शेंगदाणा तेल आणि मूठभर शेंगदाणे घालून खाल्लाय का कधी? मग काही प्रश्नच नाही. आम्ही अर्धे बिबडे तसेच पोटात थापले.)

गोधडीचं बोलणं तिथेच निघालं, गच्चीच्या जिन्यात सावलीला बसलेलो असताना. त्या सुती साड्या परत पेटीत घालायला माझा जीव होईना आणि टाकायला सासूबाई देईनात, मग नणंद म्हणाली वहिनी शिवूनच टाकू ना, दुपारी तरी काय करतो आपण, कूलरसमोर पडून फोनच बघतो. मी आयुष्यात गोधडी शिवलेली नव्हती. पांघरलेली होती, धुतलेली होती (ओली गोधडी उचलून बघा एकदा, कमरेचा हिशोब होतो), पण शिवलेली नाही. मला वाटायचं त्यात काय एवढं, धावदोरा तर आहे.

आधी कापडाचा हिशोब. हा मला फार आवडला म्हणून सविस्तर लिहितेय, कुणाला करायची असेल तर उपयोगी पडेल. सहावारी म्हणजे सहा वार, वाराचे तीन फूट, म्हणजे साडी अठरा फूट. तिचे सरळ तीन तुकडे केले की सहा-सहा फुटांचे तीन पदर मिळतात, पन्हा पावणेचार फुटांच्या आसपास असतोच, म्हणजे एका माणसाच्या गोधडीला जोडायची कटकट नाही. दोन साड्यांत सहा थर. नऊवारी सत्तावीस फूट, तिचे चार तुकडे आणि वर तीन फूट उरतात, ते उरलेले वरच्या ठिगळांना. आमच्याकडे सुती निघाल्या होत्या नऊ सहावारी आणि सासूबाईंच्या आईची दोन लुगडी, म्हणजे तीन गोधड्या आरामात. मधला विरलेला भाग पोटात घालायचा, पदराकडचा आणि काठाचा घट्ट भाग वर ठेवायचा, आणि काठ मुळीच कापून टाकायचे नाहीत, ते कडेला पट्टी म्हणून लागतात, कड आधी फाटते ना.

सिंथेटिक पोटातसुद्धा घालायची नाही. मी एक गुळगुळीत फुलाफुलांची साडी हळूच मध्ये सरकवली होती, जागा होईल म्हणून. सासूबाईंनी वरून नुसता हात फिरवला आणि ओळखली. ती आत सरकत राहते, टाके धरत नाही, घाम शोषत नाही आणि मे महिन्यात तशी गोधडी अंथरली तर माणूस रात्रभर भाजून निघेल. काढली.

पहिल्या गोधडीला मी आठ थर घातले. जास्त थर म्हणजे जास्त ऊब, असा माझा हिशोब. सुई आत जाईना, गेली तर बाहेर येईना, चिमट्याने ओढून काढायला लागली. "सुई रडी ऱ्हायनी ना व," सासूबाई खाटेवरून. दोन थर उसवून काढले. अंगुस्तान घालून मला शिवता येत नाही, बोट कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं वाटतं, म्हणून काढून ठेवलं आणि मधलं बोट चाळणीसारखं झालं, आठवडाभर चटणीला हात लावला नाही.

शिवायची पद्धत अशी, फरशी पुसून कोरडी करायची, खालचं कापड ताणून अंथरायचं, चार कोपऱ्यांवर वजन (आमच्याकडे वरवंटा, इस्त्री, डिक्शनरी आणि बडजी), मग एकेक थर हाताने मधून कडेकडे सारखा करत अंथरायचा. वरचं कापड आलं की मोठे मोठे कच्चे टाके, तेही मधून बाहेर. मी घाईत कडेकडून सुरू केलं होतं तर मध्ये हे एवढं फुगलं, मांजर झोपलंय आत असं वाटावं. कच्चे टाके झाले की मग खरा धावदोरा, कडेने सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन घालत आत यायचं. दोन ओळींत अंतर दोन बोटं. चार बोटं ठेवलं तर लवकर होते, पण दोन धुण्यांत आतल्या चिंध्या पोटात गोळा होतात, हे मला आधी सांगितलेलं होतं आणि मी तरीही एका कोपऱ्यात चार बोटं ठेवली, तो कोपरा आता बघवत नाही.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे मागचं कापड. मला वाटलं एक बाजू तरी छान नवीन दिसावी, म्हणून बाजारातून निळं छापील सुती कापड आणलं आणि तसंच लावलं, न धुता. सासूबाई दवाखान्यात गेल्या होत्या त्या दिवशी, नाहीतर झालंच नसतं. पहिल्या धुण्यात नवं कापड आटलं, आणि वीस-वीस वर्षं धुतलेली लुगडी-साड्या आता कशाला आटतील, त्यांचं जेवढं आटायचं ते कधीच झालंय. सगळी गोधडी तळलेल्या कुरडईसारखी आखडली. ह्यांनी बघून विचारलं, "अशीच डिझाईन आहे का?" हो म्हटलं.

एका गोधडीला एकोणीस दुपारी लागल्या, रोज दीड-दोन तास. पहिली नणंदेसोबत झाली, त्यामुळे तिच्यात टाके कमी आणि गप्पा जास्त. दुसरी मी आणि सासूबाई. त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही, मी दहा सुया ओवून त्यांच्या बाजूच्या उशीला टोचून ठेवायचे आणि मग त्या शिवायच्या, टाके माझ्यापेक्षा बारीक आणि एका रेषेत, न बघता. हिरव्या लुगड्याला एका जागी चुलीची ठिणगी पडून भोक पडलेलं होतं. मी तो तुकडा पोटात घालायला घेतला तर त्यांनी ओढून वर ठेवला, म्हणाल्या "हाई मन्ही मायनं शे," आणि त्या भोकावर पिवळं ठिगळ लावायला लावलं. बरोबर मधोमध येतं ते. मला आधी खटकलं, आता नाही खटकत, किंवा सवय झाली असेल.

सुईचा किस्सा सांगायचाच राहिला. जूनच्या सुरुवातीला एका संध्याकाळी उठताना मोजल्या तर नऊ. दहावी नाही. आमच्याकडे सगळे फरशीवर झोपतात उन्हाळ्यात, त्यामुळे घरात कर्फ्यू लागला. लेकाने जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढून आणलं आणि आम्ही चौघं रांगत रांगत सगळा हॉल फिरलो, त्यात दोन यू पिन, एक नाणं आणि मिक्सरचा हरवलेला स्क्रू सापडला. सुई नाही. जेवायला वाढताना नणंदेचा व्हिडिओ कॉल आला, ती स्क्रीनवरून म्हणते, "वहिनी, तुमच्या गाऊनच्या बाहीला काय चमकतंय?"

मग त्या सिंथेटिक साड्यांचं काय केलं? तर त्या गेल्या गच्चीवर. माझी बाग म्हणजे खताच्या गोण्या, रंगाचे डबे आणि दोन फुटके माठ, सगळं मिळून बावीस. दर मे महिन्यात त्यातली निम्मी झाडं जळतात आणि दर मे महिन्यात मी ग्रीन नेट आणायचं ठरवते. या वर्षी बांबू उभे करून सहा साड्या ताणून बांधल्या. तिकडे शेतांना डुकरांसाठी जुन्या साड्यांचं कुंपण करतातच की, मग गच्चीला का नको. गुलाबी, पोपटी, चॉकलेटी, त्यात एक टिकल्यांची. शेजारच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, "काही कार्य आहे का हो घरात?" तीन दिवसांनी संध्याकाळी वादळ आलं आणि टिकल्यांची साडी त्यांच्याच डिश अँटेनाला जाऊन अडकली, तेव्हा त्यांना कळलं काय कार्य आहे ते.

पण झाडं वाचली! सगळी नाही, टोमॅटो गेले, पुदिना गेला, पण मोगरा, कढीपत्ता, लवंगी मिरची आणि भरताच्या वांग्याची दोन रोपं राहिली. बाबांनी केळीच्या खोडाचे तुकडे गोणीभरून पाठवले होते, ते कुंडीत मातीवर पसरवून ठेवले की ओल टिकते, आणि पुढे कुजून खतही होतं. पाणी फक्त संध्याकाळी सात नंतर, टाकीतलं पाणी दिवसा इतकं तापतं की झाडाला चहा पाजल्यासारखं. पहिला पाऊस झाला तसे साड्यांचे मांडव सोडले आणि गिलक्याच्या (म्हणजे घोसाळ्याच्या), दोडक्याच्या आणि चवळीच्या बिया टोचल्या. वेल वर चढवायला त्याच साड्यांच्या लांब पट्ट्या फाडल्या, सुतळीसारख्या कुजत नाहीत आणि देठाला काचतही नाहीत. मागच्या आठवड्यात पहिली तीन गिलकी निघाली. तीन गिलक्यांत पाच माणसांची भाजी होत नाही, मग चकत्या करून भजी केली, पावसात, प्रत्येकाला चार.

एवढं सगळं झाल्यावर घराबाहेर नेमकं काय गेलं, हे मी परवा मोजायला बसले. सतरा झाकणं, ज्यांचे डबेच घरात नाहीत. एक सँडविच टोस्टर. कुरिअरचे खोके, 'लागतील कधीतरी' म्हणून ठेवलेले. चार मेलेले चार्जर. एक व्यायामाची सायकल जिच्यावर टॉवेल वाळत घालायचो. आहेराच्या नऊ साड्या भाचीच्या हॉस्टेलमधल्या मुलींनी गॅदरिंगला नेल्या, परत आल्या नाहीत (देव त्यांचं भलं करो). आणि लक्षात आलं की यातलं जवळपास सगळं मीच आणलेलं, मागच्या सात-आठ वर्षांत, ऑफर होती म्हणून. सासूबाईंची एकही वस्तू बाहेर गेली नाही. हे मी त्यांना सांगितलेलं नाही आणि तुम्हीही सांगू नका.

उरलेल्या पाच सिंथेटिक साड्या आणि ह्यांच्या तीन पँटी बोहारणीला दिल्या, तासभर घासाघीस करून स्टीलचं एक पातेलं मिळालं. ते माळ्यावर ठेवलंय.

तर आता परिस्थिती अशी. दोन गोधड्या पूर्ण, तिसरी अर्धी, आणि तिन्ही मिळून त्या एकतीस साड्यांपेक्षा जास्त जागा खातात. साड्या पेटीत बसत होत्या, गोधड्या कशातच बसत नाहीत. पेटी रिकामी आहे पण तिच्यात गोधडी घातली की झाकण लागत नाही. बडजी आता ओट्यावर आहे, त्यात लसूण ठेवतेय, थंडी पडेपर्यंत.

आणि नागपंचमी जवळ आली, म्हणजे तिच्यानंतरच्या रविवारी कानबाई. आमच्याकडे कानबाई बसते, त्यामुळे दिवाळीच्या आधी होते तशी सगळी झाडझूड, रंग, पडदे धुणं, पितळ घासणं पुन्हा पहिल्यापासून. हो, मे महिन्यात केलं ते धरत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ मोजून रोटांचे (कानबाईच्या नैवेद्याचे) गहू आणि हरभऱ्याची डाळ काढायचीय, लेकाला आत्ताच सांगून ठेवलंय की यावर्षी दळण तू न्यायचं. गंगाफळ (लाल भोपळा) आणायचंय. खापर धुऊन उन्हात ठेवायचंय, ऊन मिळालं तर. भाऊबंदकी सगळी रविवारी इकडेच, रात्रभर गाणी, पहाटेकडे जो तो जागा मिळेल तिथे आडवा होतो, चौदा-पंधरा माणसं तरी हॉलमध्येच. सासूबाई काल बोटांवर मोजत होत्या कुणाला काय अंथरायचं, कुणाला काय पांघरायचं, आणि मोजून झाल्यावर म्हणाल्या एक कमी पडतेय.

म्हणून आज भांडी घासून झाली की तिसरी घेऊन बसणार आहे. शेवटचे दोन चौकोन राहिलेत. नणंद शनिवारी येतेय, तिच्यासाठी सूचना, गोधडी दिवाणावर उलटी घडी करून ठेवलीय, खालच्या कोपऱ्यात सुई तशीच टोचलेली आहे, आल्या आल्या धपकन बसू नका.